ताईसाहेबांस सीनियरपद कैसे प्राप्त जाहले

हुजुरांनी पुसिले की सॉफ्टवेअरचे दौलतीत मुलाखतीवरून ज्युनियर कोण आणि सीनियर कोण हे कैसे ठरते, त्यास घडला मजकूर लिहितो. पदरचे तिखटमीठ थोडकेच लाविले आहे.

ताईसाहेब या कामात मुरलेल्या, मध्यंतरी मुलांपायी घरी राहिल्या, आणि पुन्हा चाकरीस निघाल्या तों जागा निघाली ती धाकट्या बंधूंचे कंपनीत, आणि बंधू तेथे आधीच सीनियर. ज्युनियर म्हणोन घेतले तर हुकूम बंधूंचा आणि रजेचा अर्जही बंधूंकडे. ज्याचा शेंबूड आपण पुसिला त्याजकडे रजा मागणे म्हणजे नामुष्की, ऐसे मनी धरून ताईसाहेब मोहिमेवर निघाल्या.

काचेचे खोलीत एचआर बाई आणि दाढीवाले आर्किटेक्ट ऐसे दोघे मातबर मोर्चे बांधून बसले होते. मग कोडचा सवाल जाहला, तो ताईसाहेबांनी चहा निवायचे आत मारिला, आणि मग फळ्यावर सॉफ्टवेअरचे रचनेचे चौकोन काढा म्हणताच चौकोन काढिले, आणि त्यांस बाणही जोडिले, तरी दाढी हलेना. मग आर्किटेक्टांनी फर्माविले की आपले हातून जाहलेला सर्वांत मोठा नाश निवेदन करावा. ताईसाहेबांचे हातून काहीच बुडाले नव्हते. त्यांनी अदबीने अर्ज केला की पूर्वीचे नोकरीत एका सहकाऱ्याने चालता डेटाबेस उडविला, तो आपण रात्र जागून बॅकअपावरून पुन्हा उभा केला. एचआर बाईंनी खेदपूर्वक कळविले की सावरणे हे ज्युनियरचे काम. सीनियर तो, ज्याने स्वहस्ते बुडविले आणि त्यातून धडा घेतला. तेव्हा ताईसाहेबांस रजेचा अर्ज डोळ्यांपुढे दिसला, आणि त्यांनी छातीवर हात ठेवून कबूल केले की सहकारी कोठला, उडविणाऱ्या आपणच. आर्किटेक्ट गहिवरले, आणि सीनियरपद जागचे जागी बहाल जाहले.

घरी बंधूंनी विचारले, "ताई, काय सांगितलंस गं त्यांना?"

"जुन्या नोकरीत आपण एकत्र असताना तू उडवलेला डेटाबेस मी उडवला म्हणून सांगितलं."

बंधू म्हणाले, "अगं, त्याच्यावरच तर मी सीनियर झालो."

येणेप्रमाणे एका डेटाबेसावर दोन मनसबी साधिल्या, आणि घराण्याची फत्ते जाहली. मात्र दफ्तरी आता बुडविणारे दोन लागले, आणि सावरणारे कोणीच उरले नाही. ताईसाहेबांस त्या जागरणाचे वाईट वाटले. परंतु रजा बंधूंकडे मागणे टळले.