गीत क्रमांक तीनशे बारा

"अण्णा, बाईंचं आवडतं गीत कोणतं?" पाळक मोहित साळवे यांनी पेनाचं टोपण काढत विचारलं, आणि बेंजामिन लोखंडे ऊर्फ अण्णा अडकले.

बाकीचे प्रश्न सोपे होते. पूर्ण नाव, मधुवंती बेंजामिन लोखंडे. वय एकोणसत्तर. प्राथमिक शाळेतून निवृत्त शिक्षिका. चर्चच्या गायनवृंदाची एकतीस वर्षं प्रमुख. काल सकाळी चहाचा कप ओट्यावर ठेवता ठेवता ती खाली बसली ती पुन्हा उठलीच नाही. आज दुपारी चारला चर्चमध्ये भक्ती आणि मग दफन. अण्णांचं चर्च बिशपच्या शिस्तीतलं. तिथं उठायचं कधी, बसायचं कधी आणि 'आमेन' म्हणायचं कधी, हेसुद्धा छापलेलं असतं. त्यामुळे आजच्या भक्तीचा कागदही दहाच्या आत प्रेसमध्ये जायला हवा होता.

"गीत," अण्णा म्हणाले, "तशी लई हुती की."

"हो, पण एखादं खास? बाई कधी बोलल्या असतील ना?"

बोलली होती. तेच तर दुखणं होतं. मधुवंती या विषयावर एकदा नाही, चांगली दहा-वीस वेळा बोलली होती. अण्णा एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी दोघं बाहेरच्या खोलीत बसत. ती भाजी निवडायची, हे टीव्हीवर फुटबॉलची मॅच बघायचे. "अहो, माझ्या मयताला गीत..." असं ती सुरू करायची, आणि अण्णा पडद्यावरची नजर न काढता "व्हय व्हय" म्हणायचे. पुढचं वाक्य कानावरून गेलं होतं, कानात शिरलं नव्हतं. काल सकाळपासून घर इतकं गप्प झालं होतं, की ती आता कुजबुजली असती तरी त्यांना ऐकू आलं असतं.

पण गायनवृंदाच्या प्रमुखाच्या नवऱ्याला बायकोचं आवडतं गीत माहीत नाही, हे नव्या पाळकांना सांगायचं कसं? आतल्या खोलीत सांत्वनाला आलेल्या बायकांचं बोलणंही नेमकं तेव्हाच थांबलं होतं. अण्णांनी डोळे मिटले. मधुवंतीचा आवाज आठवायचा जिवापाड प्रयत्न केला, आणि काय आश्चर्य, तो आठवला. स्वयंपाकघराच्या दारातून आलेला, अगदी तिचाच. "तीनशे बारा. विसरू नका हं, तीनशे बारा."

"तीनशे बारा," अण्णा डोळे उघडून म्हणाले.

पाळक तीन महिन्यांपूर्वीच नाशिकहून बदलून आलेले. गीतपुस्तक जवळ नव्हतं. त्यांनी आकडा लिहून घेतला, प्रार्थना केली आणि ते प्रेसकडे गेले.

पाऊण तासानं मोनाचा फोन आला. मोना म्हणजे गायनवृंदातला सगळ्यात मोठा आवाज. मधुवंतीनंतर आता तिच्यावरच सगळी भिस्त होती.

"अण्णा, तीनशे बारा नक्की हाय न्हवं?"

"नक्की म्हंजे? का?"

"न्हाय, ते लग्नाचं हाय."

"कशाचं?"

"लग्नाचं ओ. नवरानवरी वेदीपुढं उभी ऱ्हायली की म्हणतात ते. नव्या संसाराला आशीर्वाद दे, घर मुलाबाळांनी भरून जाऊ दे, असलं हाय त्यात."

'चुकलं बाई, मला आठवत न्हाय,' एवढं या वेळी म्हटलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण अण्णा पस्तीस वर्षांच्या नोकरीतली शेवटची बारा फोरमन होते. एकदा सांगितलेलं मागं घ्यायची जिभेला सवय नव्हती.

"ठाऊक हाय मला," ते म्हणाले. "तिचीच इच्छा हुती तशी."

 पलीकडून मोठा हुंदका आला. "काय बाई काकूंचा विचार! बायबलात म्हटलंय न्हवं, आपण समदी मंडळी ख्रिस्ताची वधू, आणि काकू निघाल्या वराकडं! आणि मी येडी, लग्नाचं हाय म्हणून इच्यारत बसलेय!"

अण्णांना यातलं काही सुचलेलं नव्हतं, पण ऐकून बरं वाटलं. मधुवंती खोल विचार करणारी होतीच. तिनं असं म्हटलंही असेल. दहा मिनिटांनी पाळकांचा फोन आला. मोनानं त्यांना सगळं सांगितलं होतं, आणि त्यांनी रात्री तयार केलेला संदेश बाजूला ठेवून 'वधू' या विषयावर नवा लिहायला घेतला होता. "अण्णा, अशी इच्छा मी कुठल्याच चर्चमध्ये ऐकली नव्हती," ते भारावून म्हणाले. अण्णा नुसतं "व्हय" म्हणाले.

तरी मनात पाल चुकचुकत होती. खरं काय ते एकाच माणसाला ठाऊक असणार, मधुवंतीच्या थोरल्या बहिणीला, अक्कांना. त्या रत्नागिरीहून पहाटेच्या गाडीनं निघाल्या होत्या. अण्णांनी चार वेळा फोन लावला. अक्का घाटात होत्या आणि घाटात रेंज नव्हती.

साडेअकराला फोन वाजला तो अण्णांचा नव्हे. त्यांच्या खिशात मधुवंतीचा मोबाईल होता. काल ओट्यावरून उचलून त्यांनी तो खिशात टाकला होता, आणि तो बाहेर काढायचं धैर्य त्यांना झालं नव्हतं.

"बाई, नमस्कार. चन्नाप्पा टेलर बोलतोय. ब्लाऊज तयार हून पंधरा दिस झालं की ओ. पावती नंबर तीनशे बारा. अण्णांना धाडून देते म्हणाला हुतासा, वाट बघून कंटाळलो."

अण्णा भिंतीला टेकले.

"चन्नाप्पा, मी अण्णाच हाय. बाई गेल्या काल."

मागं चालू असलेलं शिलाई मशीन बंद पडलं.  मग चन्नाप्पा हळूच म्हणाला, "पांढरं हाय ओ. ईस्टरला पायजे म्हणून घाई केल्याली त्यांनी."

ईस्टर होऊन आठ दिवस झाले होते. त्या दिवशी मधुवंती जुनंच ब्लाऊज घालून चर्चला आली होती आणि त्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. अण्णांना आता तो आवाज पुरता आठवला. "चन्नाप्पाकडनं माझं ब्लाऊज आणा. पावती हरवलीय, नंबर तेवढा लक्षात ठेवा. तीनशे बारा. विसरू नका हं." अण्णांनी नंबर इमानानं लक्षात ठेवला होता. ब्लाऊज मात्र विसरले होते.

आता मात्र खरं सांगायचंच, असं ठरवून ते उठले, आणि दारात पुण्याहून आलेला सम्राट उभा. एकुलता एक मुलगा. गेल्या दिवाळीत बापाशी कडाक्याचं भांडून गेला होता तो आत्ता येत होता. त्यानं बॅग खाली टाकली आणि अण्णांना मिठी मारली.

"पप्पा, मोनाताईनं फोनवर सांगितलं मला. मी दिवाळीत तुम्हाला म्हटलं होतं ना, तुम्ही मम्मीचं कधी ऐकतच नाही म्हणून? चुकलं माझं. तुम्ही तिची एवढी बारीक गोष्ट लक्षात ठेवलीत."

 सहा महिन्यांनी जवळ आलेलं पोर. त्याला लगेच सांगायचं, की तू म्हणालास तेच खरं होतं?

"आणि पप्पा, तिला लग्नाचंच गीत हवं होतं ना? मग सगळं तसंच करू. येता येता बँड सांगितलाय मी."

"बँड?" अण्णा म्हणाले.

तीन वाजता बँड आला. लाल कोट, सोनेरी झालर, फेटे. म्होरक्यानं दारातल्या गर्दीकडे बघून खणखणीत आवाजात विचारलं, "पावणं, नवरदेव कुठं हाईत?"

गर्दी बाजूला झाली आणि त्याला शवपेटी दिसली. म्होरक्याचा चेहरा पार उतरला. सम्राटनं त्याला कोपऱ्यात नेऊन समजावलं. म्होरक्या फेटा काढून हातात धरत अण्णांकडे आला. "आण्णा, आमी लग्नाचंच वाजिवतो ओ. रडायचं म्हणाल तर एकच येतं आमास्नी, पाठवणीचं. ते बी लग्नातलंच."

"वाजवा तेच," अण्णा म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

बँड पाठवणीचं वाजवू लागला आणि अख्खी गल्ली रडली. समोरच्या गिरणीवाल्यानं गिरणी बंद केली. मधुवंतीनं शिकवलेली, आता पोराबाळांची झालेली माणसं दारादारांतून बाहेर आली आणि मागं चालू लागली. अण्णा सगळ्यात पुढं होते. त्यांना रडता येत नव्हतं. आपण बायकोच्या मयताची ब्लाऊजच्या पावतीवर वरात काढलीय, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात घुमत होता.

चर्च भरलं होतं. बँडवाले शेवटच्या बाकावर वाद्यं मांडीवर घेऊन बसले. प्रत्येकाच्या हातात छापलेला कागद, आणि त्यावर ठळक अक्षरांत: 'गीत क्रमांक ३१२, दिवंगत मधुवंतीबाईंच्या इच्छेनुसार.' मंडळी उभी राहिली आणि गाऊ लागली. घर मुलाबाळांनी भरून जाऊ दे, इथं आल्यावर म्हातारी जोडपी एकमेकांकडे चोरून बघू लागली. मग पाळक 'वधू' या विषयावर बोलले, आणि उत्तम बोलले. शेवटी त्यांनी पहिल्या बाकाकडे हात केला.

"आणि धन्य तो पती, ज्यानं पत्नीचा शब्द न् शब्द जपला. अण्णा, दोन शब्द बोलता?"

अण्णा उठले. वेदीसमोर उभे राहिले. शेजारी पेटी होती, आणि सम्राट भरल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे अभिमानानं बघत होता. तो अभिमान काही त्यांना सोसला नाही.

"ह्यातलं काय खरं न्हाय," अण्णा म्हणाले.

पाळकांनी पुढं केलेला हात खाली घेतला.

"तिला कंचं गीत पायजे हुतं, मला ठाऊक न्हाय. ती सांगायची लई येळा. मी मॅच बघत बसायचो. तीनशे बारा हा..." त्यांनी घसा खाकरला. "ही चन्नाप्पा टेलरकडची ब्लाऊजची पावती हाय. ती बी आणायची ऱ्हायली."

 पाळकांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. मोनानं तोंडात पदर कोंबला. आणि मग कोणीतरी फुसकन हसलं. अण्णांनी मान वर केली. हसणारा सम्राट होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि खांदे गदगदत होते. मग गायनवृंद हसला, मग बाकंच्या बाकं. म्हातारे हसले, बँडवाले हसले. हसता हसता कितीतरी जण रडत होते. अण्णा तेवढे मान खाली घालून उभे होते.

"पावणं!"

दारात अक्का उभ्या होत्या. काखेत पिशवी, प्रवासानं विस्कटलेले केस. अक्कांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्या बोलत मोठ्यानं. अण्णांचं बोलणं मात्र त्यांना ऐकू गेलेलं दिसत होतं.

"पावणं, ती सांगत न्हवती. इच्यारत हुती!"

"काय?" अण्णा म्हणाले.

अक्का मधल्या वाटेनं चालत पुढं आल्या. "फोनवर रडगाणंच असायचं तिचं. म्हणायची, 'अक्का, समद्या चर्चला गाणी शिकवली, पर ह्या माणसाला कंचं आवडतं ते मला अजून ठाऊक न्हाय. दर बारीला इच्यारते, अहो, माझ्या मयताला गीत तुम्ही कंचं सांगाल? तर म्हणत्यात व्हय व्हय.'" अक्कांचा आवाज फाटला. "तिला स्वतःचं काय नगं हुतं ओ. तुमचं पायजे हुतं."

आता कोणी हसलं नाही. अण्णांनी पेटीवर हात ठेवला. उत्तर विसरलो, म्हणून ते सकाळपासून स्वतःला कोसत होते. ते प्रश्नच विसरले होते. आणि उत्तर द्यायचं त्यांच्याकडूनच राहून गेलं होतं.

पाळकांनी छापलेल्या कागदाची घडी घातली. बिशपसाहेबांना हे आवडलं नसतं. "अण्णा," ते म्हणाले, "आता सांगा. कोणतं?"

अण्णांना गीतांचे नंबर ठाऊक नव्हते. पहिल्या ओळीही ठाऊक नव्हत्या. एकतीस वर्षं दर शुक्रवारी संध्याकाळी ते मधुवंतीला तालमीला सोडायचे आणि ती संपेपर्यंत बाहेर स्कूटरवर बसून पेपर वाचायचे. निदान आपण पेपर वाचतोय असं त्यांना वाटायचं.

"त्ये," अण्णा अडखळत म्हणाले, "ज्यात तिसऱ्या कडव्याला तुमी समदी पळत सुटता. मग ती टाळी वाजवून थांबिवती. म्हणती, 'मोना, गाडी सुटल्याली न्हाय, हळू.' मग परत तिथनंच. एकदा तर सात येळा घेतलं हुतं. मी मोजलं."

मोनानं पदर तोंडातून काढला. "एकशे त्रेसष्ट!" ती म्हणाली, आणि ढसाढसा रडू लागली.

हार्मोनियमवाल्यानं सूर धरला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. अण्णा गात नव्हते. ते बाकावर बसून ऐकत होते. तिसरं कडवं आलं आणि रडवेल्या मोनाचा आवाज पुढं धावला. तिच्यामागं गायनवृंद धावला, गायनवृंदामागं सगळी मंडळी. टाळी वाजवणारं कोणी नव्हतं.

अण्णांनी टाळी वाजवली.

गाणं थांबलं. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"मोना, हळू," अण्णा म्हणाले. "परत तिथनंच घ्या."