लिफ्टमनची पेन्शन

परक्या भाषेतल्या मालिकेखाली पळणारी अक्षरं आईला वाचून दाखवायची, एवढंच मसुदेसाहेबांनी ठरवलं होतं. आता यात वाईट होण्यासारखं काय होतं, तुम्हीच सांगा. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनची तारीख मिळायची होती. तिला चित्र दिसायचं, माणसं ओळखू यायची, पण खालची अक्षरं म्हणजे तिच्या लेखी मुंग्यांची रांग.

मसुदेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. कचेरीच्या आस्थापना शाखेत बदल्या, रजा आणि पेन्शन यांचे कागद त्यांच्या हाताखालून जात, आणि आधी कच्चा मसुदा केल्याशिवाय हा माणूस काही करत नसे. (लग्नाआधी बायकोला लिहिलेल्या पत्राचाही त्यांनी कच्चा मसुदा केला होता. तिच्या हाती तोच पडला, हा भाग वेगळा.) शाखेतली मंडळी आधी पाठीमागे हे नाव घेत, पुढे तोंडावर घेऊ लागली आणि शेवटी तेही ओ देऊ लागले.

बाबांना जाऊन फार काळ झाला नव्हता. त्यांनी जन्मभर एका मोठ्या इस्पितळात लिफ्ट चालवली आणि निवृत्ती तोंडावर आली असताना ते गेले. "आजवर नुसतं वर-खाली केलं, आता जरा सरळ चालतो," असं म्हणून त्यांनी फिरायला जाण्यासाठी नवे बूट घेऊन ठेवले होते. ते दाराशी खोक्यातच होते. ते खोकं तिथून हलवायची घरात कुणाची छाती होत नव्हती.

तेव्हापासून आई खिडकीशी बसायची. जेवायला हाक मारली की यायची, दोन घास चिवडायची आणि उठायची. मसुदेसाहेबांच्या जिवाला घोर लागला होता. ते कचेरीतून यायचे, आईकडे बघायचे, "हं" म्हणायचे आणि कपडे बदलायला आत जायचे. (बायकोने काही विचारलं तरी "हं"च. पण माणसाला स्वतःचं "हं" ऐकू येत नाही.)

अशात ती मालिका सुरू झाली. मूळचा तो सिनेमा. मसुदेसाहेबांनी कॉलेजात असताना पाहिलेला, दोनेक तासांचा. आता तोच ताणून त्याची मालिका केली होती. गोष्ट पुढच्या काळातली. बाहेरची हवा विषारी झालीय, उरलेल्या माणसांनी स्वतःला एका उंच इमारतीत कोंडून घेतलंय. वरच्या मजल्यांना हवा जास्त, खालच्यांना कमी. कुणी ब्र काढला की त्याला लिफ्टमधून तळाला नेतात, आणि तळाला गेलेला परत येत नाही. ही लिफ्ट चालवणारा एक म्हातारा होता. पहिल्याच भागात तो पाठ भिंतीला टेकून, एक हात दांड्यावर ठेवून उभा राहिला, आणि येणाऱ्याकडे न बघताच त्याने विचारलं, "कुठला मजला?"

आई खुर्चीत पुढे सरकली. "अरे, हा तर अगदी ह्यांच्यासारखा उभा राहतो."

त्या दिवशी आई पोटभर जेवली, आणि वर भात मागून घेतला. बायकोने मसुदेसाहेबांकडे पाहिलं. मसुदेसाहेबांना मात्र सिनेमाचा शेवट आठवला होता. शेवटी मुलांना बाहेर पडता यावं म्हणून तो म्हातारा लिफ्टचं दार खांद्याने धरून ठेवतो, आणि मुलं सुटतात तोच लिफ्ट त्याला घेऊन खाली कोसळते. आईने हे बघितलं तर ती पुन्हा खिडकीशी जाऊन बसणार, आणि मग तिथून तिला कोण उठवणार?

पहिली थाप त्यांनी तिसऱ्या-चौथ्या भागात मारली. वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाक्याला पहारेकऱ्यांनी उचललं आणि तळाला नेलं. खाली अक्षरं स्पष्ट होती. आईचा हात खुर्चीच्या मुठीवर आवळलेला त्यांना दिसला आणि तोंडातून निघून गेलं, "स्वयंपाक्याची बदली झाली."

"कुठे?"

"खालच्या कार्यालयात. प्रशासकीय कारणास्तव."

"मग त्याची बायको एवढी का रडतेय?"

"वर्षाच्या मध्येच बदली, आई. मुलांच्या शाळेचे हाल होतात."

आईने मान डोलावली. पटलं असावं. बायको मात्र एकाएकी उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ तिथे भांडी वाजत राहिली.

खोटं बोलायचं तर ते नीट सांभाळावं लागतं, आणि मसुदेसाहेबांना आयुष्यभर एकच भाषा नीट येत होती, कचेरीची. इमारतीवर हुकूम चालवणारी, मुंडण केलेली बाई सर्वांत वरच्या मजल्यावरून मृत्युदंड वाचू लागली की ते शांतपणे म्हणत, "परिपत्रक निघालं." खालच्या मजल्यांची हवा तोडली, तर "देखभालीसाठी बंद". माणसं गुदमरून दारं बडवू लागली, तर "निषेध सभा". बंड करणाऱ्या पोरांना भिंतीशी उभं केलं तेव्हा मात्र त्यांना कपाळाचा घाम पुसावा लागला.

"ह्यांना का रे ओळीत उभं केलंय?"

"सक्तीच्या रजेवर पाठवताहेत."

"आणि बंदुका कशाला?"

"रजेवर जायला तयार नव्हते."

म्हाताऱ्याच्या बाबतीत तर त्यांनी हात अगदी सैल सोडला. पडद्यावर तो बिचारा चकार शब्द बोलत नसे, आणि इकडे मसुदेसाहेब सांगत की त्याची बरीच रजा शिल्लक आहे, वरिष्ठांचा शेरा उत्तम आहे, आणि लवकरच तो सुखरूप निवृत्त होऊन पेन्शन घेणार आहे. कचेरीतही डोक्यात तेच. बाहेरच्या बाकावर निवृत्त शिपाई नेहमीसारखा आपल्या पेन्शनची चौकशी करायला येऊन बसलेला असे, आणि आत मसुदेसाहेब संध्याकाळच्या थापांचा कच्चा मसुदा करत असत. (शिपायाला वाटे, आपलंच काम चाललंय. तो दुवा देऊन जाई.)

घरी आल्यावर आई आता विचारू लागली होती, "त्याचे कागद पुढे गेले का रे?" आणि मसुदेसाहेब बूट काढता काढता सांगू लागत. जेवताना सांगत. बायको हात धूत असली तर मागे उभे राहून सांगत. पडद्याच्या कोपऱ्यात आणखी एक बारीक पट्टी असे. ती नेहमी तीच असायची, म्हणून ती काही त्यांनी कधी वाचली नाही.

आणि एक दिवस आई म्हणाली, "एवढा एक जण तरी सुखाने निवृत्त होऊ दे. घरी येऊन नवे बूट घालू दे."

मसुदेसाहेब दाराशी ठेवलेल्या खोक्याकडे बघत राहिले.

शेवटचा भाग आला. तो टाळायला त्यांनी आकाशपाताळ एक केलं. वीज जाणार आहे म्हणाले, तर शेजारचे दिवे लागलेले. टीव्ही बिघडला म्हणून मागची वायर उपटली, तर बायकोने शांतपणे ती परत खोचली. "बसा आणि वाचा," ती म्हणाली. "त्या वाट बघताहेत."

ते बसले. मुलं पळत आली, लिफ्टमध्ये शिरली, वरच्या मजल्यावर दार अर्धवट उघडून अडकलं. म्हाताऱ्याने खांदा लावला. एक एक करून मुलं बाहेर पडत होती आणि त्याचे पाय थरथरत होते. आई काही विचारत नव्हती. मग दोर तुटला. एक लहान मुलगी त्या काळ्या पोकळीत वाकून बघत राहिली, आणि खाली दोनच शब्द उमटले: तो गेला.

मसुदेसाहेबांनी तोंड उघडलं. मसुदा तयार होता, पाठही होता. "सुटला," ते म्हणाले. "कामावरून सुटला. आज त्याचा शेवटचा दिवस होता. सगळ्यांनी त्याला..." पुढे निरोपसमारंभ होता, हार होता, वरिष्ठांचं भाषण होतं. त्यातलं काहीही बाहेर आलं नाही. घशातून भलताच आवाज निघाला, आणि बाबा गेले तेव्हा सगळे कागद एकट्याने, कोरड्या डोळ्यांनी पूर्ण करणारा तो माणूस आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला.

आई पाठीवरून हात फिरवत राहिली. "रड," ती म्हणाली. "मी दुपारीच रडून घेतलंय."

मसुदेसाहेबांनी डोकं वर केलं. "दुपारी?"

"दुपारी मूळ भाग असतो," बायको म्हणाली. "दुसऱ्या भागापासून मी शाळेत शिकवून आले की आईंना वाचून दाखवते. जे लिहिलंय ते. संध्याकाळी लागतो तो पुन्हा दाखवतात. कोपऱ्यात लिहिलेलं असतं तसं."

त्यांनी कोपऱ्यातली पट्टी पहिल्यांदा वाचली. पुनःप्रक्षेपण. (सगळी मालिका मोठ्याने वाचणाऱ्या माणसाने एवढा एकच शब्द सोडला होता.)

"म्हणजे तो स्वयंपाकी..."

"मारला रे त्याला. बदली कसली घेऊन बसलास."

"मग तुम्ही मला बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तूच बोलायला लागला होतास," आई म्हणाली. "हे गेले आणि तुझं नुसतं 'हं' सुरू झालं. ही घाबरून गेली होती, माझ्याही घशाखाली घास उतरेना. आणि त्या दिवशी तू एकदम स्वयंपाक्याची बदलीच करून टाकलीस. आम्ही म्हटलं, करू दे. इमारतीतली सगळी माणसं बदलून टाकू दे, पण बोलू दे."

पडद्यावर नावं सरकत होती आणि ती कुणीच वाचली नाहीत. मग आईने पदराने त्यांचे डोळे पुसले आणि पदर सारखा केला.

"दुपारच्यातला गेला, ते मला कळलं," ती म्हणाली. "तुझ्यातल्याचं काय झालं, तेवढं सांग."

मसुदेसाहेबांनी नाक पुसलं. "निवृत्त झाला. रोज सकाळी फिरायला जातो. नवे बूट घालून."

"बाहेरची हवा विषारी ना?"

"शुद्ध झाल्याचं परिपत्रक निघालं."

"आणि पेन्शन?"

"लागली. त्याच दिवशी."

"त्याच दिवशी?" आईने सुनेकडे पाहिलं. "ह्याच्या शाखेतून?"

"म्हणून तर आई," बायको टीव्ही बंद करत म्हणाली, "ह्याला विज्ञानकथा म्हणतात."