हाकेला किती गुण?

एका जंगलात शाळा नव्हती, आणि तरीही तिथले प्राणी जगत होते. ते कसे काय, असे तुम्ही विचाराल, बाळांनो. तुमच्या वयात मुले असले प्रश्न विचारतात. दहावीत गेलात की ती सवय जाईल.

ते एकमेकांना हाक देऊन जगत होते. झाडावरच्या वानराला वाघ दिसला की ते खाकरायचे. सांबर पाय आपटून भोंग्यासारखे ओरडायचे. चितळ शिट्टीसारखी टोकदार हाक द्यायचे. एकाने हाक दिली की सगळे पळायचे. आधी पळायचे, मग का पळालो ते विचारायचे.

या पद्धतीत एकाचेच नुकसान होत होते. वाघाचे.

त्याला सगळे आबासाहेब म्हणत. तरुणपणी त्यांनी काय काय केले ते इथे सांगत नाही, कारण सांगणाऱ्यांचे पुढे काय झाले ते साऱ्या जंगलाला ठाऊक आहे. आता त्यांचा एक सुळा पडला होता. चार ढांगा टाकल्या की धाप लागायची. आणि कुठे दबा धरून बसावे, तर वरून कोणीतरी खाकरायचे.

बाळांनो, वाघ म्हातारा झाला की त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. उपास करायचा, नाहीतर शिक्षणसंस्था काढायची. आबासाहेबांना उपास सोसत नव्हता.

चरायच्या कुरणाची जागा संस्थेला मिळाली. कशी मिळाली, असे मीही विचारले होते. 'वरून आदेश आहे' असे उत्तर आले. उद्घाटनाच्या दिवशी आबासाहेबांनी मांसाहार सोडल्याचे जाहीर केले. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या आठवड्यात एक ससा दिसेनासा झाला. शाळेच्या पटावर त्याच्या नावापुढे लिहिले गेले: 'पालकांची बदली'.

मुख्याध्यापक म्हणून धनेश पक्ष्याची नेमणूक झाली. त्याची चोच फार मोठी होती. मोठी चोच पाहिली की मोठे विचार असावेत असे वाटते. शिवाय धनेश सर कायम झाडावर बसत, त्यामुळे जमिनीवर कुठला विषय शिकवला जातो याने त्यांना काही फरक पडत नव्हता. त्यांची स्वतःची पिल्ले ढोलीत होती. दार चिखलाने लिंपून घेऊन घरीच शिकत होती.

नववीला विषय पुष्कळ होते. गवतशास्त्र होते. पाणवठ्यांचा भूगोल होता. गणित भाग एक होते आणि गणित भाग दोनही होते. एकाच गणिताचे दोन तुकडे कोणी आणि का केले, हे गणिताच्या सरांनाही सांगता येत नव्हते. शारीरिक शिक्षण वेळापत्रकात होते, पण त्या तासाला गणिताचे सर यायचे आणि भाग दोन पुरा करून घ्यायचे. वर्षअखेर सगळ्यांना शारीरिक शिक्षणात 'अ' श्रेणी मिळायची. चितळालाही आणि घोरपडीलाही.

आणि हाक हा विषय होता. तो टिटवी बाई शिकवत.

टिटवी बाई मुलांना आवडत नसत. आवडाव्यात अशा त्या नव्हत्याच. सदा चिडलेल्या. एकेकाला उभे करून हाक द्यायला लावत आणि मध्येच तोडत.

"पोटातून! गळ्यातून नाही! वाघ काय मामा लागतो तुझा, म्हणून लाडात येतोस?"

शंभरपैकी बासष्टच्या वर त्यांनी कधी कोणाला गुण दिले नव्हते. पालक वैतागले होते.

एके दिवशी आबासाहेब शाळेच्या पाहणीला आले. नववीच्या वर्गातून त्याच वेळी पन्नास हाका एकदम उठल्या. आबासाहेब दचकून आधी झुडपात शिरले, मग आपण अध्यक्ष आहोत हे आठवून बाहेर आले.

"धनेश सर, केवढा हा गोंगाट! बाकीच्या वर्गांनी अभ्यास कसा करायचा?"

"विषयच तसा आहे, आबासाहेब."

"मग मुलांनी हाक लिहून दिली तर?"

धनेश सरांनी चोच हलवली. विचार नवीन होता आणि वरून आला होता.

त्या दिवसापासून हाक लेखी झाली. 'हाकेचे प्रकार सांगून कोणतेही दोन स्पष्ट करा.' 'सुबक आकृती काढून शेपटीची स्थिती दाखवा.' प्रात्यक्षिकाला वीस गुण ठेवले होते. ते सगळ्यांना वीसपैकी वीस मिळत. तोंड कोणी उघडत नसे.

त्याच वर्गात बकुळ नावाची चितळाची पोर होती. तिलाही वीसपैकी वीस मिळाले होते. उन्हाळ्यात एकदा ती मावशीबरोबर पाणवठ्यावर गेली. मावशी पाणी पीत होती. बकुळच्या नाकाला वाघाचा वास आला. तिने हाक द्यायला तोंड उघडले. हाक आलीच नाही. डोक्यात फक्त एक वाक्य आले: 'हाकेचे प्रमुख तीन प्रकार पडतात.'

तिसरा प्रकार आठवेपर्यंत मावशी नव्हती.

"मावशीची बदली झाली," घरी आई म्हणाली. शाळेने तसे कळवले होते.

"आई, मावशी नोकरी करत नव्हती."

आईने मान खाली घातली. ती गवत खात राहिली. कळपात फार बोलले की नावे ठेवतात.

दहावी आली. पालकांची तक्रार होती की हाक लेखी झाली तरी टिटवी बाई गुण देताना हात आखडता घेतात. मग संस्थेने हाक हा विषय ऐच्छिक केला. त्याच्याऐवजी डायनासोरी भाषा घेता येईल असे ठरले. डायनासोरी हा भलताच लोकप्रिय विषय निघाला. ती भाषा बोलणारे कोणी शिल्लक नव्हते. त्यामुळे चुका काढणारेही कोणी नव्हते. जो बसेल त्याला शंभरपैकी शंभर.

"भेकरवहिनींचा शिरीष डायनासोरी घेतोय," आई म्हणाली. "शंभर पडणार म्हणे त्याला."

"आई, डायनासोर आहेत कुठे?"

"कुठेच नाहीत. म्हणून तर गुण पडतात ना. जरा डोकं चालव."

"मी शिरीषचं पुस्तक चाळलं. त्यांच्या भाषेत सूर्याला चौदा शब्द आहेत. 'पळा' हा शब्दच नाही."

"नसू दे. परीक्षेत कुठे पळायचंय?"

"मी हाकच घेणार."

"आणि शेजाऱ्यांना तोंड कसं दाखवू मी?"

"पाणवठ्यावर मला तोंड उघडता आलं नव्हतं, आई. ते आधी उघडू दे. तुझं तोंड नंतर दाखव."

आईला शिंगे नव्हती, म्हणून तिने डोक्यानेच ढुशी दिली. पण दुसऱ्या दिवशी ती पोरीबरोबर शाळेत गेली. आया अशाच असतात. आधी मारतात, मग सोबत येतात.

धनेश सर फांदीवरून म्हणाले, "एका मुलीसाठी तुकडी चालवता येत नाही."

"पण टिटवी बाई आहेत ना?" बकुळ म्हणाली.

"बाई अतिरिक्त ठरल्या. त्यांना प्राणिगणनेच्या कामावर पाठवलंय. आणि हे पाहा, वहिनी, आमच्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो. हिला हाकेत चाळीस पडले तर शाळेची मान खाली जाईल. हिला सतरा नंबरचा अर्ज भरू दे. बाहेरून बसू दे."

"बाहेरून म्हणजे?"

"म्हणजे परीक्षा तिची आणि निकालही तिचा. आमचा काही संबंध नाही. कच्च्या मुलांसाठी आम्ही नेहमी ही सोय करतो. तसा निकाल उगाच शंभर टक्के लागतो होय?"

बकुळ ओढ्याकाठी टिटवी बाईंकडे शिकू लागली. बाई गणनेच्या कामावरून लवकर मोकळ्या होत. मोजायला फारसे उरत नव्हते.

"पोटातून!"

"पोटातूनच देतेय, बाई."

"पोटात काय गवत भरलंय का?"

"हो."

"मग गवताखालून दे! पुन्हा!"

हिवाळाभर पुन्हा पुन्हा चालले. बकुळचा घसा बसला, उठला, पुन्हा बसला. एकदा तिने विचारले, "बाई, आता किती गुण द्याल?"

"आधी वाघ किती देतो ते बघ. मग माझ्याकडे ये."

परीक्षा झाली. निकाल लागला. शाळेचा अर्थातच शंभर टक्के. शिरीष भेकर पहिला आला. बकुळला हाकेत अडतीस गुण पडले. पेपर लेखी होता आणि तिची शेपटीची आकृती सुबक नव्हती.

मग कुरणावर गुणगौरव समारंभ ठेवला गेला. पळसाच्या फुलांचे हार आणले. गुणवंतांना पुढच्या रांगेत बसवले, पालकांना त्यांच्या मागे. बकुळच्या आईच्या घरात कोणी गुणवंत नव्हते. तरी ती शिरीषचा सत्कार बघायला भेकरवहिनींच्या शेजारी जाऊन बसली. दुसऱ्याच्या पोराचे कौतुक बघून स्वतःच्या पोरीवर चिडायला बरे पडते.

बकुळ आत येऊ लागली तेव्हा शाळेच्या शिपायाने, एका रानडुकराने, तिला अडवले.

"तू बाहेरून बसली होतीस ना? मग बाहेरच बस."

ती मागच्या टेकाडावर जाऊन बसली.

शिरीषने डायनासोरीत आभाराचे भाषण केले. कोणालाही एक अक्षर कळले नाही, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भेकरवहिनींचे डोळे भरून आले. त्यांनी शिरीषची गुणपत्रिका तोंडात धरली होती. कोणी विचारले की पुढे करायच्या.

प्रमुख पाहुण्यांना उशीर होत होता. "आबासाहेब मार्गावर आहेत," धनेश सर वरून दर थोड्या वेळाने सांगत होते. ते खरेच होते. पण कोणत्या मार्गावर, हे त्यांनी सांगितले नाही. सगळे जण पुढच्या कमानीकडे डोळे लावून बसले होते.

टेकाडावरून बकुळला मंडपाची मागची बाजू दिसत होती. वारा पूर्वेकडून वाहत होता. मागचे गवत मात्र पश्चिमेकडून हलत होते. हलत हलत ते पालकांच्या रांगेकडे सरकत होते. सगळ्यात मागे तिची आई बसली होती.

बकुळने तोंड उघडले. प्रकार आठवले नाहीत. आकृती आठवली नाही. गवताखालून, पोटाच्या तळातून हाक आली आणि साऱ्या कुरणावरून टोकदार शिट्टीसारखी गेली.

बाळांनो, पालकांची रांग क्षणात उठली. त्यांतले कोणी कधी शाळेत गेले नव्हते. काय झाले ते त्यांना कळले नव्हते. पायांना मात्र कळले होते. बकुळची आई हार तुडवत, शिपायाला धडक देऊन पार झाली. भेकरवहिनीही पळाल्या. आपण पोराला मागे सोडून पळतो आहोत हे त्यांना ओढा ओलांडल्यावर समजले.

पुढची रांग बसून राहिली. ती सुशिक्षित होती.

"ही चितळाची हाक," शिरीष म्हणाला. "प्रकार दुसरा."

"तिसरा," सांबराचा दगडू म्हणाला. त्याला नव्याण्णव होते. "दुसऱ्यात शेपटी वर असते."

"वरच आहे की तिची शेपटी."

"इथून नीट दिसत नाही."

"शांत बसा!" धनेश सर फांदीवरून ओरडले. "तिकडे लक्ष देऊ नका! ती आपली विद्यार्थिनी नाही!"

मुले शिस्तीची होती. त्यांनी लक्ष दिले नाही. दगडूला लघवीला जायचे होते म्हणून तो तेवढा उठून गेला.

आबासाहेब आले. सत्कार झाला. शिरीषचा सगळ्यात आधी, कारण तो पहिला होता. बाकी तपशील देत नाही. तुमच्यापैकी काही जेवायला बसले असतील.

संध्याकाळी पळालेले सगळे ओढ्यापलीकडे गोळा झाले. भेकरवहिनी एकट्याच बाभळीखाली उभ्या होत्या. गुणपत्रिका अजून त्यांच्या तोंडात होती. एवढ्या पळापळीत त्यांनी ती सोडली नव्हती. आता कोणी विचारत नव्हते, तरी त्या समोरच्याकडे मान पुढे करत होत्या.

बकुळची आई धापा टाकत होती. तिने पोरीला नाकापासून शेपटीपर्यंत हुंगले. सगळी जागच्या जागी होती. मग ती तिच्या कानाशी आली.

"तुला किती पडले म्हणालीस?"

"अडतीस."

आईने भेकरवहिनींकडे पाहिले आणि उसासा टाकला.

"त्याला शंभर पडले होते गं," ती हळूच म्हणाली. "काय हुशार मुलगा होता."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटावर नोंद झाली: 'गुणवंत विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी बाहेरगावी रवाना'. बकुळ ओढ्याकाठी टिटवी बाईंकडे गेली. बाईंनी तिला पंचावन्न गुण दिले. "शेवटी शेवटी गळा आला," म्हणाल्या. बकुळ इतकी खूश झाली की घरी जाईपर्यंत उड्या मारत होती.

घरी आई नव्हती. ती बकुळच्या धाकट्या भावाला घेऊन शाळेत गेली होती. तिथे प्रवेशासाठी कुरणाच्या टोकापर्यंत रांग लागली होती. एक तर शाळेचा निकाल शंभर टक्के लागला होता. शिवाय यंदा जागाही बऱ्याच रिकाम्या झाल्या होत्या.

तात्पर्य: वाघ येताना दिसला तर ओरडू नये. ओरडण्याला किती गुण आहेत ते आधी विचारावे. अडतीस गुण घेऊन जिवंत राहण्यापेक्षा शंभर गुण घेऊन बसून राहणे केव्हाही चांगले, कारण जिवंत राहिलेल्यांचे फ्लेक्स चौकात लागत नाहीत, गुणवंतांचे लागतात. त्या फ्लेक्सवर मुलांचे फोटो सुपारीएवढे असतात. सगळ्यात मोठा, हसरा, एक सुळा पडलेला फोटो कोणाचा असतो, ते मात्र जाता येता नीट बघून ठेवा. परीक्षेत विचारणार नाहीत.