करीमभाईच्या कोरड्या जागा

करीमभाई मेलेल्या बायकांना पाय वर घ्यायला सांगतो. खाम नदीच्या काठी आमची जुनी मंडई होती. तिचे पत्रे कधीच काढून नेले, आता नुसतं मैदान आहे. तिथं हा म्हातारा भिश्ती रोज सकाळी डब्यानं पाणी शिंपडतो. "सरको मौसी, पांव भीगेंगे," असं मोकळ्या हवेला म्हणतो. शिंपडून झालं की वाटा तेवढ्या ओल्या दिसतात आणि मधे चौकोनी जागा कोरड्या राहतात. एकेक बाई बसेल एवढ्या.

मी तिथं जन्मभर कोथिंबीर विकली. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण त्या चौकोनांवर मी पाय देत नाही.

इतिहास विचारायची खोटी, तो सुरू होतो. मंडई निजामाच्या काळातली. छावणीतला गोरा साहेब इथून फ्लॉवर न्यायचा आणि एकदा त्याला किडका मिळाला. "मैंने देखा!" म्हणतो. तेव्हा त्याचा बाप तरी जन्मला होता का?

मंडईचा एक रिवाज होता. विकणारी बाई वारली की तिच्या शेजारणीनं म्हणायचं, "उठली." मग भिश्ती तिच्या जागेवर पाणी ओतायचा. त्याशिवाय तिथं दुसरं कुणी बसत नसे. मंडई मोडली, नवं बसणारं कुणी उरलं नाही. नंतर मेलेल्यांच्या जागा तशाच राहिल्या.

आज दुपारी करीमभाई माझ्या दारात आला.

"आपा, चला. उद्या मैदानावर फरशी बसवणार. सगळ्या तिथंच बसल्यात. दबतील ना!"

"मेल्यात त्या, करीमभाई."

"व्हय, पन उठल्या कुठं? कुणी बोललंच नाय. आता तुम्हीच एक राहिल्या."

गेले. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं. भर उन्हात तो एकेक नाव घ्यायचा, मी म्हणायची, "उठली." तो पाणी ओतायचा आणि नळावरून पुन्हा डबा भरून आणायचा. सहाव्या-सातव्या जागेला मला मेथीचा वास यायला लागला. आसपास मेथीची काडी नव्हती. भांडकुदळ सोनाबाईच्या जागेवर पाणी पडलं, तेव्हा माझ्या मागं कुणीतरी लुगडं झटकलं. मी वळले नाही.

"गुस्से में गई," करीमभाई म्हणाला.

शेवटी माझीच जागा राहिली.

"ओत," मी म्हणाले. "माझ्या वेळी म्हणायला कोण उरलंय? आत्ताच सांगते, मी उठ..."

त्यानं ओला हात माझ्या तोंडासमोर धरला. "नको, आपा. घरी कुणी नाय. तुम्ही पन उठल्यावर मी बोलू कुणाशी?"

गुडघे दुखत होते, म्हणून त्या कोरड्या चौकोनात मी खाली बसले. त्यानं भरलेला डबा उचलला. त्याला तो झेपत नव्हता. तरी मैदानाच्या बाहेर जाईपर्यंत त्यानं एक थेंब सांडू दिला नाही.