उजवा पुढचा दांडा

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. गावच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी चहात पाव बुडवता बुडवता मी एक साधं वाक्य बोललो, "पुढच्या वर्षी बाबांचा दांडा मी उचलणार."

बेला, म्हणजे आमची ही, चुलीपाशी होती. तिने वळून माझ्या दोन्ही दंडांकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "कशाने?"

(आमच्या घरातलं अहो-जाहो लग्नाच्या दिवशीच संपलं. त्या दिवशीही फादर समोर होते म्हणून झालं.)

दांडा म्हणजे काय, ते सांगतो. सणाच्या संध्याकाळी संत अंतोनची मूर्ती पालखीत बसवून गावातून मिरवतात. पालखीला चार दांडे. त्यातला उजवा पुढचा तीस वर्षं माझ्या बाबांचा. मिरवणुकीहून आले की बाबा ओटीवरच्या खाटेवर आडवे व्हायचे. "आई आई गं! चार मण! चार मण!" आई खोबरेल गरम करून त्यांचा खांदा चोळायची. कोंबडीची पहिली तंगडी एरवी आम्हा पोरांची, पण त्या दिवशी बाबांची. मी दाराशी उभा राहून बघायचो. आपला बाप चार मण उचलतो! शाळेत मी ते पाच मण करून सांगायचो.

बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती. खांद्यावर घ्यायची त्यांची लाल उशी ट्रंकेत पडून होती. आणि माझा सण काय? चर्चमध्ये सकाळच्या मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला, मेणबत्त्यांची पेटी धरायची आणि दुपारी गोरेगावच्या रंगाच्या कारखान्यात पळायचं, कारण सणाला नेमकी माझी सेकंड शिफ्टच यायची. दांड्यासाठी मला कोणी विचारलं नाही. का विचारतील? माझं वजन सत्तेचाळीस किलो. तेही बूट घालून.

मग मी व्यायामशाळेत नाव घातलं. तिथले वस्ताद दयाराम जूचंद्रहून सायकलवर यायचे. त्यांनी माझ्या पाठीवर एक थाप मारली. मी तीन पावलं पुढे गेलो.

"हाडं बरी हायेत," ते म्हणाले. "ऐक. उठल्या उठल्या चार अंडी. मग बैठका. झोपताना दूध. आनि पानी भरपूर. नेम चुकवायचा नाय."

नेम मी चुकवला नाही, हेच चुकलं. आमच्या शिफ्टा दर आठवड्याला बदलायच्या. थर्ड शिफ्टला मी सकाळी येऊन झोपायचो, दुपारी जेवायला उठायचो, पुन्हा झोपायचो, संध्याकाळी परत उठायचो. म्हणजे दोनदा उठणं. म्हणजे आठ अंडी! आमच्या सहा कोंबड्या. पाचव्या दिवशी बेलाने रिकामी टोपली माझ्यासमोर आपटली.

"कोंबड्यांनाही शिफ्ट लावू का आता?"

"वस्तादांनी सांगितलंय, उठल्या उठल्या..."

"मग उठूच नकोस!"

व्यायामशाळा उघडायची सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, आणि दर आठवड्याला शिफ्ट बदलणाऱ्या माणसाचा सहाशी काही संबंध नसतो. म्हणून मी घरीच सोय केली. विहिरीवर विजेचा पंप आल्यावर बाबांनी रहाट मोडला होता. त्याची लोखंडी चाकं माडाखाली गंजत पडली होती. दोन चाकं पहारीच्या दोन टोकांना अडकवली, झालं वजन. पहिल्या दिवशी ते जमिनीवरून हललं नाही. मीच हललो. कंबरेत अशी उसण भरली की दोन दिवस कारखान्यात मी सगळ्यांना वाकून नमस्कार करतोय असंच लोकांना वाटलं.

तेव्हा बेलाला माझी दया आली. (असं मला वाटलं.) "एकदम चाकं कशाला? आधी पाण्याने सुरुवात कर. पंपाची वीज मेली रोज जाते. विहिरीतून हाताने वीस बादल्या शेंद, दंड आपोआप येतील."

मी वीस शेंदल्या. पुढच्या महिन्यात चाळीस. मग नारळाची पोती, शेणखताच्या पाट्या, शेवटी शिसवी कपाट या खोलीतून त्या खोलीत आणि आठ दिवसांनी परत पहिल्या खोलीत. बेला जवळ उभी राहून मोजायची. "शाब्बास! अजून दोन!" शेजारची बर्था कुंपणावरून बघायची आणि पदर तोंडाला लावायची. माझं कौतुक वाटतंय बिचारीला, असं मला वाटायचं.

पण खरं सांगतो, अंग भरलं! सत्तेचाळीसचे एकसष्ट झाले. माडाखालची चाकंही उचलू लागलो. शर्टाच्या बाह्या उसवल्या. एकदा तर कारखान्याच्या गेटवर नव्या वॉचमनने माझा पास हातात घेतला, फोटो पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाला, "ये फोटो किसका है?" अर्धा तास त्याने मला बाहेर उभं केलं. आयुष्यात इतका आनंद मला क्वचित झाला असेल. घरी येऊन बेलाला ते तीनदा सांगितलं.

सणाच्या आधी आठ दिवस मी अर्ध्या बाहीचा शर्ट घालून कमिटीच्या प्लासिडअंकलकडे गेलो. दंड थोडे बाहेर धरून. काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं.

"अंकल, बाबांचा दांडा..."

"ये की," ते सुपारी कातरत म्हणाले. "तिथे बुटकाच माणूस लागतो. तुझ्या बाबांएवढा. गेली सात वर्षं तुझीच वाट बघतोय, पण तू संध्याकाळी असतोस कुठे? सेकंड शिफ्ट तुझी!"

घाबरले माझ्या दंडांना, असं मनाशी म्हणत मी घरी आलो. शिफ्ट बदलून घ्यायला एका माणसाला एक वाक्य बोलावं लागलं.

सणाची संध्याकाळ आली. ट्रंकेतली लाल उशी खांद्यावर घेतली. तिला अजून बाबांच्या तंबाखूचा वास होता. पालखीपाशी उभा राहिलो. डावीकडे थॉमस, मागे एडवर्ड आणि त्याचा भाऊ. बॅण्ड तयार. फादर तयार. मी मनात म्हटलं, युजीन, चार मण! बाबांचं नाव आहे! गुडघे वाकवले, श्वास कोंडला, दातांवर दात.

"एक... दोन... तीन!" प्लासिडअंकल ओरडले.

आणि मी रहाटाची चाकं उचलायच्या झटक्याने दांडा उचलला!

दांडा खांद्यावर थांबलाच नाही. डोक्याच्या वर गेला. पालखी अशी काही कलली की संत अंतोन सरळ मागे एडवर्डच्या अंगावर झुकले, जणू त्याच्या कानात काही सांगायचंय. हार उडाला तो फादरांच्या गळ्यात. बॅण्डवाल्याचा कर्णा भलत्याच सुरात ओरडला. बायकांनी "जेजू!" म्हणून छातीवर क्रूस काढले. प्लासिडअंकलनी धावत जाऊन मूर्तीची कंबर धरली म्हणून वाचलो.

"अरे, उचलायची आहे! फेकायची नाही!" ते किंचाळले.

पुन्हा हळूच उचललं. चालायला लागलो, आणि दहा पावलांत मला कळलं. खांद्यावर काहीच नव्हतं. म्हणजे मूर्ती होती, पालखी होती, झेंडूची फुलं होती. पण चौथा हिस्सा वजन म्हणजे माझ्या दोन बादल्याही नाहीत. मूर्ती आतून पोकळ! बाबा, तीस वर्षं? दर वर्षी? मला हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. बाजूला थॉमस म्हणाला, "जड वाटतंय का रे?" मी हो म्हणून मान डोलावली. बाबांची आठवण इतक्या जवळून मला पुन्हा कधी आली नाही.

घरी आलो. ओटीवर त्याच खाटेवर आडवा झालो. डोळे मिटले आणि सुरू केलं, "आई आई गं! चार मण! चार मण!"

बेला आतून आली. कमरेवर हात.

"उठ. पोकळ आहे ती."

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? सणाआधी चर्चमध्ये मूर्ती पुसायला आम्हीच जातो. बर्था एका बाजूने धरते, मी दुसऱ्या. उचलून टेबलावर ठेवतो. तुझी आईही जायची."

मी उठून बसलो. "म्हणजे आईला माहीत होतं? आणि तरी ती बाबांचा खांदा चोळायची?"

"वर्षातून एक संध्याकाळ माणसाला मोठं वाटू दिलं तर काय बिघडतं?" बेला म्हणाली. तिचा आवाज जरा मऊ झाला होता. मला धीर आला.

"मग तू वर्षभर मला बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर चाळीस बादल्या कोणी भरल्या असत्या?"

कुंपणापलीकडे बर्था हसताना ऐकू आली. मी पुन्हा आडवा झालो आणि खांदा पुढे करून म्हटलं, "बरं. मग तेल तरी गरम कर. बाबांसारखं."

"करते की," बेला म्हणाली आणि रिकामी बादली माझ्या छातीवर ठेवली. "वीज गेलीय. आधी पाणी आण."