बबननानांचं तारेचं कडं

माणूस लग्नाला जाताना खांद्यावर शाल टाकतो, उपरणं टाकतो. आमच्या बोरी बुद्रुकचे बबननाना तारेचं कडं टाकून जायचे. चांगली जाड तार, चाकाएवढी गोल वळवलेली, डाव्या खांद्यावरून उजव्या काखेत. "नाना, जानवं लई वाढलं राव!" असं कुणीतरी म्हणायचंच. नाना हसायचे नाहीत. मांडवाबाहेर एखादी जुनी सायकल दिसली की उकिडवं बसून कडं तिच्या टायरला लावून बघायचे, मान हलवायचे आणि मग जेवायला यायचे. पंगतीतसुद्धा कडं मांडीवर.

माझं आळेफाट्याला सायकलच्या सामानाचं दुकान आहे, त्यामुळे या येडेपणाचा सगळा ताप मला. मी तोंडाचा फटकळ. बायको म्हणते, गिऱ्हाईक टायर घ्यायला येतं आणि शिव्या घेऊन जातं. नाना पहिल्यांदा सायकलीचे टायर मागायला आले तेव्हा मी विचारलं, "किती नंबर?"

"सव्वीस."

दिला सव्वीसचा. दुसऱ्या दिवशी परत. "चढत न्हाई." दुसऱ्या जातीचा सव्वीस दिला, तो ढिला झाला. हवा भरली की रिमवरून उतरायचा. मी भडकलो. पण खरं सांगायचं तर या धंद्यात सव्वीस म्हणजे सव्वीस नसतं. जुन्या विलायती सायकलींच्या रिमा नावाला सव्वीस, टायर बसतो तिथलं माप मात्र निराळं. नखभराचा फरक, पण तेवढ्यात खेळ खलास. असले टायर आता आमच्याकडं कुणी काढतही नाही. तेव्हा नानांनी रिमवर घट्ट वळून ते कडं तयार केलं आणि आकड्यांवरचा विश्वास सोडून दिला. दुकानदार कुठलाही नंबर सांगो, नानांचं ठरलेलं, "आकडा ऱ्हाऊ द्या. तारंला इचारू."

"नाना, नवीन रिमा टाका ना. विषयच संपला."

"मंग सायकल कुणाची ऱ्हायली?"

"तुमचीच की!"

"माझी कवा व्हती? तिची हाय ती."

ती म्हणजे सिंधूवहिनी, नानांच्या मंडळी. त्यांचे वडील पुण्यात एका बंगल्यावर माळी होते. बंगल्यातली गोरी बाई मायदेशी जाताना आपली लेडीज सायकल माळ्याच्या पोरीला देऊन गेली. लग्न होऊन वहिनी बोरीला आल्या, सायकलही आली, आणि आली ती गोठ्याच्या आढ्याला टांगली गेली. वहिनींना तिच्यावर बसलेलं कुणी पाहिलं नाही. दसऱ्याला ट्रॅक्टरला हार घालून झाला की शिडी लावून वर चढायच्या आणि उरलेला झेंडू सायकलीला घालायच्या. "काय वहिनी, विमानाची पूजा का?" मी चिडवायचो. "उडंल की एक दिस," म्हणायच्या आणि हसत खाली उतरायच्या. गेल्या साली कावीळ झाली, अंगावर काढली आणि पटकन गेल्या.

दहाव्याला कुकडीच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाचं काहीतरी अडलेलं असतं, मग जवळची माणसं पुढं होऊन शब्द देतात. लेक म्हणाला, "आई, मी नानाला संभाळीन." लेकाचं झालं, मग पोरीनं शब्द दिला. जावयानं दारू सोडतो म्हणून सांगितलं. ते ऐकून माणसं चाट पडली, पण कावळा बाभळीवरून हलला नाही. नाना तेवढे गप्प. त्यांचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. ऊन चढलं तसा शेवटी रीतीप्रमाणे दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी नानांनी सायकल आढ्यावरून काढली. टायरांचा भुगा झालेला. "वर्सश्राद्धाला ही नदीवर न्यायची, सोताच्या चाकांवर," मला म्हणाले. "तिचं हिच्यात अडाकलंय, शेठ. कावळा उगं न्हाई रुसला."

तिथून ही वणवण सुरू झाली. जुन्नरच्या दुकानदारांचे माळे झाले, घोडेगाव-मंचरचे भंगारवाले झाले. पुण्याच्या ठोक व्यापाऱ्याला मी फोन लावला, तर तो म्हणाला, वस्तुसंग्रहालयात बघा. बेल्ह्याच्या बाजारात लोक बैलांचे दात बघायचे आणि नाना भंगाराच्या ढिगात कडं घेऊन बसायचे. पोरगा लाजेनं अर्धा व्हायचा. "नाना, आवरा आता. लोकं हसत्यात." एवढं वाक्य ऐकलं की मात्र नानांचं तोंड उतरायचं. "हसू दे," म्हणायचे, पण कुणाकडं न बघता.

वर्षश्राद्ध तोंडावर आलं आणि बेल्ह्याहून मला फोन. तुमच्या गावचा म्हातारा पत्र्यावर चढला होता, चोर म्हणून धरून ठेवलाय. मी गाडी काढली. वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून लोक वर दगड ठेवतात, जुने टायर ठेवतात. त्या घरावर तसे दोन टायर होते आणि नाना त्यांना कडं लावून बघत होते. मी पोचलो तेव्हा ओठ फुटलेला, गाल सुजलेला, आणि चेहरा असा की घरात लग्न ठरलंय.

"शेठ, तार बसली!"

मारणारा घरमालक बिचारा सगळं ऐकून ओशाळला. त्यानं चहा पाजला आणि टायर स्वतः काढून दिले.

टायर उन्हानं तडकून गेलेले. मी म्हटलं, "नाना, हे काय टिकायचं नाय."

"घरापासनं नदीपातुर टिकलं म्हंजे झालं. एकदाच तर न्यायचीय."

शिव्या घालत मी आतून जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. चिकटवता चिकटवता विचारलं, "सायकलीतच जीव अडकलाय हे माहीत होतं, तर दहाव्याला बोलला का नाहीत?"

नाना कड्याचा पीळ सोडवत बसले होते. "काय बोलणार? नवी नवरी व्हती तवा एकदाच म्हणली, मागनं शीट धरा, मी शिकते. मी म्हणलो, येडी का काय, लोकं हसतील. आन् मीच सायकल वर टांगली. पुना तिनं नाव न्हाई काढलं." नाक ओढून म्हणाले, "घाटावर सारं गाव व्हतं. तवाबी मला तेच वाटलं, शेठ. लोकं हसतील."

नानांच्या दुसऱ्या गालावर एक ठेवून द्यावी असं मला वाटलं, आणि पोटाशी धरावं असंही वाटलं. दोन्ही केलं नाही. हवा भरून दिली.

वर्षश्राद्धाच्या सकाळी घाटावर सगळे जमले, कावळ्यासाठी पान वाढून ठेवलं, नानांचा पत्ता नाही. मग रस्त्यावरून येताना दिसले. हँडलला हात नव्हता. वाकून, दोन्ही हातांनी रिकामं शीट मागून धरलेलं, आणि सायकल वाकडीतिकडी पुढं चाललेली. तोंडानं चालू होतं, "मी धरलंय. भिऊ नगं. म्होरं बघ."

आधी जावई हसला. मग आणखी दोघं-तिघं, मग बरेच. नानांना ऐकू गेलं असणारच. हात सुटला नाही.

तेवढ्यात बाभळीवरून कावळा उतरला आणि पानावर बसला. "नाना, शिवला! शिवला कावळा! सोडा ती सायकल, या!" पोरगा रडत ओरडला. नानांनी मान वळवली नाही. घाटाची वाट मागं टाकून ते तसेच सरळ आळेफाट्याच्या रस्त्याला लागले.

टायर दगा देणार म्हणून आणलेला पंप घेऊन मी मागं पळालो. मागचं चाक सुसू करत बसायला लागलं होतं. "नाना, झालं. वहिनी सुटल्या. थांबा की आता."

"ती कुठं थांबा म्हणलीय अजून?" नाना म्हणाले.

मी खाली बसून चाकात हवा भरली. नानांनी शीट धरूनच ठेवलं होतं. मग आम्ही पुढं निघालो.