समतोल सांभाळणारं धोतर

भगवंताला अकोल्याच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायला घ्यायचं की नाही, हे आज जेवणाच्या पाटावर ठरणार होतं. तिथले हेडमास्तर खुशालराव लग्नासाठी मोर्शीला आले होते, ते जेवायला भगवंताच्या घरी येणार होते. नाही जमलं तर उद्यापासून भाजीच्या बैलबंडीवर बसायचं, असं किसनरावांनी लेकाला बजावलेलं. जमुनेचा, म्हणजे भगवंताच्या बायकोचा, सकाळपासून पाय एका जागी ठरेना. त्याचं एकुलतं चांगलं धोतर तिनं पेजेच्या खळीत बुडवलं, आणि कडेवरच्या लेकीनं, शकुननं, कोनाड्यातली टिंचर आयोडिनची बाटली ओढून त्यातच उपडी केली. धोतर जांभळं खाल्लेल्या जिभेसारखं निळंभोर!

भगवंत उलट खुलला. "भेऊ नको. रंग चढणं अन् रंग मोडणं, दोन्ही संगच चालू राह्यते. चढण्याचा स्थिरांक दहा असंन, तर उलट्या दिशेनं तोच पालथा, एक दशांश. अन् तापवलं की आकडाच बदलते, मोडणारा जिंकते. उकळ तू."

तिनं उकळलं. रंग गेला. मे महिन्याच्या उन्हात वाळवून निखाऱ्याची इस्त्री फिरवली, तर बगळ्यानं लाजावं. भगवंत ते गरमागरम नेसून बैठकीत पाहुण्यांशेजारी पाटावर बसला.

बैठकीत सासूबाईंनी वाळ्याचे पडदे भिजवून लावले होते, आत चांगलाच गारवा होता. जमुना वरण वाढायला आली, तर नवऱ्याच्या मांडीवर निळे ढग जमू लागलेले. तिनं डोळ्यांनी खुणावलं. तो उठला, अंगणात उन्हात तापत उभा राहिला, पांढरा होऊन आला. कढी येईस्तोवर पुन्हा निळा. पुन्हा अंगण. भाजीला अंगण, भाताला अंगण. शेवटी खुशालरावांनी घास खाली ठेवला.

"भगवंतराव, पोट बिघडलं काय?"

जमुनेला दारात बंडी जुंपलेली दिसू लागली. भगवंतानं मात्र मांडीकडे एकदा बघितलं आणि पेज, टिंचर, ऊन, पडदे, सगळं सांगून टाकलं. "तापवतानाची दिशा तेवढी पाह्यली, सर. थंड झालं की तो आकडा परत फिरते, हे ध्यानातच नाही आलं."

खुशालराव इतके हसले की ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "आता जन्मात इसरणार नाही तुमी. शाळा उघडली की या अकोल्याले."

जमुनेनं शकुनला छातीशी घट्ट धरलं. नवं धोतर शिवरात्रीपर्यंत तरी घेता यायचं नाही, असं ती दाराआडून पुटपुटली, ते पाहुण्यांच्या कानावर गेलंच.

"धोतराची काळजी करू नका, सूनबाई. आमच्या शाळेत वाळ्याचे पडदे नाहीत. तिथं पांढरंच राहीन, मास्तरच तेवढा काळा पडंन."